तिचा गोल
सुरतेची आठवण म्हणजे साड्या नाहीतर घारी मिठाई, असं वाटलं ना? चुकलात, हॉकी आहे, तीपण चाकांच्या बुटांवरची! मोबाईलवर बर्फावरच्या हॉकीतला तो फेमस गोल दिसला, की गोडादऱ्यातल्या आमच्या शाळेचं तापलेलं सिमेंट आणि चाकांचा जळका वास आठवतो. गोलच्या मागे बॉल स्टिकवर उचलायचा आणि वळून वरच्या कोपऱ्यात टाकायचा, हे आमच्या टीममधल्या एका मुलीने स्वतः शोधलेलं. मी पक्का नकलाकार. स्पर्धेसाठीच्या निवडीच्या दिवशी तिच्याआधी मीच तसा गोल मारला. "वाह दीकरा!" म्हणजे वा बेटा, म्हणत सरांनी मला घेतलं. मग तिने मारला, तर म्हणाले, "याची कॉपी नको." मी निवडलेल्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. बाहेर आल्यावर ती तडकली, "सरांची नक्कल करतो तेव्हा आधी सांगतो ना, हे सर म्हणून? मग माझी केली तेव्हा का नाय सांगितलं?"