पत्रिकेवरचा चेहरा

सातशे वर्षांपूर्वीच्या त्या कवीला प्रत्यक्षात कुणीच पाहिलेलं नाही. आज टी-शर्टवर, चहाच्या मगवर, बसच्या पाठीवर जो चेहरा दिसतो, तो माझ्या मावशीच्या नवऱ्याचा आहे. लोक वेड्यात काढतील म्हणून मी कुणाला सांगत नाही.

मावशीचा दीर सिनेमाची पोस्टरं रंगवायचा. कवीवरच्या सिनेमाचं काम आलं. समोर बसायला माणूस आणायचा तर पैसे मोजावे लागतात, म्हणून त्या धंद्यात घरातलंच कुणीतरी धरून बसवतात. थोरला भाऊ, म्हणजे मावशीचा नवरा, रिकामटेकडा होताच. त्याला दाढी चिकटवली, अंगावर शाल टाकली आणि वर बघायला लावलं. ते वर लागलेले डोळे लोकांना भक्तीचे वाटतात. मावशी म्हणते, तो घड्याळाकडे बघत होता. सिनेमा पडला, चेहरा मात्र चालला. पुढे मालिकेवाल्यांनी तर त्या चित्राशी मिळताजुळता नट शोधून आणला.

पोरगी रांगत होती तेव्हा हा महापुरुष घरातलं होतं नव्हतं ते सोनं घेऊन पसार झाला. त्याआधी बायकोवर हात उगारण्यातही त्यानं कधी कसूर केली नव्हती. मावशीनं त्याचे सगळे फोटो जाळले, घर बदललं आणि टी-शर्ट छापण्याच्या कारखान्यात इस्त्रीच्या कामाला लागली.

तिथं कपडा उलटा करूनच इस्त्री फिरवायची असते, नाहीतर छाप वितळून इस्त्रीला चिकटतो. पहिल्याच दिवशी नेमका कवीचा माल आला. मावशीनं तापलेली इस्त्री सरळ त्याच्या तोंडावर ठेवली. मालकानं फैलावर घेतलं. "चुकलं," म्हणाली. त्या चुकीचा मला अजून आनंद होतो.

लेकीचा मात्र त्या कवीवर भारी जीव. कानात त्याचीच गाणी, गिटारवर बसवलेली. भिंतीवर तोच. सकाळी डोळे उघडले की मावशीला आधी ते तोंड बघावं लागतं.

"आई, असा माणूस बायकोला किती जपत असेल गं!"

मावशी भाजी चिरत राहते. एकदा मी चिडून म्हटलं, सांगून टाक ना तिला एकदाचं.

"बाप तर तिला मिळालाच नाही," मावशी म्हणाली. "आता कवीही काढून घेऊ?"

परवा लेक स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेचा नमुना घेऊन आली. वरच्या बाजूला तोच चेहरा, डोळे वर लावलेला.

"बाबांचा एक फोटोसुद्धा नाही आपल्याकडे. निदान हे तरी असू देत. चालेल ना, आई?"

मावशीनं पत्रिका हातात घेतली.

"चालेल," म्हणाली.

लेक छापखान्याला फोन करायला बाहेर पळाली. मावशीनं पत्रिका टेबलावर पालथी घातली आणि माझ्याकडे बघितलं.

"येऊ दे मेल्याला. पोरीच्या लग्नाला तरी येऊ दे."