सासूबाईंची चेनपुली

सासूबाई माळ्याच्या शिडीवरून पडल्या आणि आमच्या साजगावच्या घरात वजन उचलण्याचं शास्त्र शिरलं. खुबा मोडला होता. डॉक्टर सांगून गेला, आता उठणं नाही. रोज उचलून खालचं अंथरूण बदला, पाठ पुसा, नाहीतर जखमा होतील. सांगायला त्याचं काय जात होतं? सासूबाई म्हणजे भाताची भरलेली गोण, आणि गोणीपेक्षा अवघड. गोणीला कान असतात, धरून ओढता येते. सासूलाही असतात, पण ते धरायचे नसतात.

रोज सकाळी आळीतल्या तिघी यायच्या. गोधडीचे तीन कोपरे त्या धरायच्या, चौथा मी. थोरल्या जाऊबाई खालची चादर ओढायच्या, कारण त्यांची कंबर नाजूक होती. ती कामाच्या वेळीच नाजूक व्हायची. सासूबाई वर गेल्या की त्यांच्या शिव्या ऐकत आम्ही चौघी हसायचो.

अशात कोंडाण्याहून माझे वडील धाकट्या बहिणीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आले. मला आठवडाभर पाठवा म्हणाले. सासूबाईंनी त्यांना चहा पाजला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जा की. फकस्त चौथा कोपरा कोन धरनार, तेवढं सांगून जा."

वडील मान खाली घालून गेले. मी मात्र सातवी पास होते, म्हणजे जगातलं सगळं मला कळत होतं. मी हिशेब मांडला: एकट्या माणसाला चालवता येईल असं काही घरात आलं, तर जाऊबाई एकट्या सांभाळतील आणि मी लग्नाला जाईन. केवढी हुशार! आज समोर भेटली तर मीच तिची वेणी ओढीन.

आधी विहिरीवरची कप्पी काढून आणली. तुळईला बांधली, दोर ओवला, ताडपत्रीची झोळी करून तिच्यात सासूबाईंना सरकवलं. दुसऱ्या टोकाला जाऊबाईंना लोंबकळायला लावलं. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. जाऊबाईंचेच पाय जमिनीवरून सुटले. एकटी कप्पी ओढायची दिशा बदलते, वजन काही कमी करत नाही, हे आम्हाला सातवीपर्यंत शिकवलं नव्हतं.

नवरा कारखान्यात फिटरच्या हाताखाली होता. तो म्हणाला, दोन कप्प्या लावल्या तर ओझं निम्मं लागेल, पण हात निसटला की वरचं सगळं खाली. "आनि वर आय असंल," तो म्हणाला. मी त्यावर जरा जास्तच वेळ विचार केला.

शेवटी त्यानं मिस्त्रीला विचारून कारखान्यातली एक जुनी चेनपुली आणली. अर्धा टन उचलणारी. आत दातेरी चाकं. हातभर साखळी ओढावी तेव्हा ओझं जेमतेम बोटभर चढतं, पण ते पोरीच्या हातानंही चढतं आणि साखळी सोडली तरी जिथल्या तिथं राहतं. पाहताक्षणी मी तिच्या प्रेमात पडले. नवऱ्याच्या प्रेमात पडायला मला यापेक्षा जास्त दिवस लागले होते. त्यानं आधी तुळई ठोकून पाहिली, खालून टेकू दिला. पुली तुटत नाही, जिला टांगतात ती तुटते, म्हणाला. मग भाताच्या दोन गोणी चढवून दाखवल्या.

सासूबाईंचं समाधान झालं नाही. "गोनी मुक्या असत्यात. आदी हिला चढवा."

मला झोळीत घालून चढवलं. तुळई कुरकुरली नाही. उतरवा म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, राहू दे, सोडल्यावर पडते का बघू. मग खाली सगळ्यांनी चहा घेतला. वरून मला कौलाखालची जळमटं दिसत होती. सासूबाईंनी केरसुणी वर द्यायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई अलगद वर गेल्या, मी एका हातानं चादर बदलली. आळीतल्या तिघी दारात उभ्या राहून बघत होत्या. एक म्हणाली, "सुटलो बाई." पुढच्या सकाळी त्या आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. माझं लक्षच नव्हतं, मी ट्रंकेत लुगडी भरत होते.

निघायच्या आदल्या दिवशी साखळी जाऊबाईंच्या हाती दिली. त्यांनी सासूबाईंना हातभर चढवलं, मग भलतीच बाजू ओढली. सासूबाई गचके खात खाली आल्या आणि आळीभर ऐकू जाईल असं ओरडल्या. जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांना साखळीकडे बघितलं की चक्कर यायची म्हणे. त्या दिवसापासून यायला लागली.

"हिचाच हात ग्वाड हाय," सासूबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. नवऱ्याची ड्यूटी होती.

मी आळीत धावले. थोडेच दिवस गोधडी धरा म्हणून तिघींच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. त्यांनाही माझी दया आली नाही असं नाही. पण एकजण भाकरी थापत म्हणाली, "आता कशाला गं? तुजी पुली हाय ना. एकटीनं व्हतं." आधी एकच कोपरा माझ्या गळ्यात होता. आता चारही माझेच होते, आणि ते मी स्वतः हट्टानं मागून घेतले होते.

लग्न दुपारचं होतं. मुहूर्ताच्या सुमाराला सासूबाईंनी अंथरूण ओलं केलं. मी साखळी ओढली, त्यांना वर घेतलं, खालची चादर काढली. त्या हवेत हात पोटावर ठेवून निवांत पडल्या होत्या. म्हणाल्या, जेवायला काय केलंय?

मी म्हटलं, "भात आणि वालाची आमटी."

"आज तरी कायतरी ग्वाड करायचं व्हतंस गं," त्या म्हणाल्या. "सख्ख्या भैनीचं लगीन हाय ना तुज्या?"

मी त्यांना खाली घेतलं, पाठ पुसली, आणि शिरा केला. त्यांनी दोनदा मागून खाल्ला.