भिवाच्या वहीतलं न खोडलेलं पान

मी भिवाला रोज खोटं वाचून दाखवायचो.

आज त्याला जाऊन वर्ष झालं, म्हणून कबूल करतो.

भिवा मेंढपाळ. पिकं निघाली की दरवर्षी बेल्ह्याला आमच्या रिकाम्या रानात त्याची मेंढरं बसायची. रानाला लेंडीखत मिळायचं, त्याला धान्य.
आणि मला दोस्त.

म्हातारपणी तो आमच्याच गावात राहिला, आणि त्याचं डोकं विसरायला लागलं. आधी नावं, मग घरची वाट.

डॉक्टर म्हणाले, "जुन्या गोष्टी बोलायला लावा. मेंदू जागा राहतो."

मी चौथी शिकलेला. तरी वही आणली. तो सांगेल, मी लिहीन, असा प्लॅन.

कसलं काय. काही विचारा, उत्तर एकच.
"न्हाई आठवत."

मग मलाच ठाऊक होतं ते लिहून त्याला वाचून दाखवू लागलो.

एकदा हौसेनं मी त्याच्या मेंढरांमागं शिनोलीपर्यंत चालत गेलो होतो. तिथं बिबट्या आला. ते लिहिताना लाजेपोटी थोडं फिरवलं.
"बिबट्या बघून भिवा झाडावर चढला."

भिवा ताडकन उठून बसला.
"झाडावर तू चढला व्हतास. मी काठी घिऊन खाली. तुजी चप्पल माज्या डोक्यात पडली, लबाडा."

कित्येक महिन्यांनी तो एवढं बोलला.

तेव्हा कळलं. विचारलं की त्याला आठवत नाही, पण चुकीचं ऐकलं की राहवत नाही.

मग मी रोज एक चूक मुद्दाम लिहायचो. तो चिडायचा, मी खोडून त्याचं लिहायचो.

"लिवणाऱ्यानं खोटं लिवू नाय, राव."
"मग नीट सांग की."
आणि तो सांगत बसायचा.

शेवटी एक दिवस वाचलं, "भिवाची लाडकी मेंढी चांदी. तिचा डावा कान फाटका."

मी थांबलो. वाट बघितली.

भिवा गोड हसला. म्हणाला, "पावणं, तुमी कोणच्या गावचं?"

आज वही उघडली. सगळी पानं खोडाखोडीनं भरलीत.
ते एक सोडून.

चांदीचा डावा कान फाटका होता की उजवा? मी खरं लिहिलं होतं की खोटं?
मलाच आठवत नाही.

आणि ज्याला विचारावं, तो एकच होता.

गड्या, तुला मनापासून रामराम.
ते पान तसंच ठेवलंय.