पिंजऱ्याच्या दाराचा पत्रा

माझ्या बायकोले वाघानं मोहाची फुलं वेचताना मारलं. वाकलेली बाई त्याले जनावर वाटते, असं वनखात्यातले म्हणतात. त्याले काय वाटलं ते मले माहीत नाई. मानेपासून खांद्यापर्यंत काही उरलं नव्हतं अन् तिले गुंडाळायले मी अंगावरचं धोतर फाडलं, एवढं माहीत आहे.

वाघ गावाजवळच फिरून राह्यला होता. मोहाचा हंगाम, बाया घरी किती दिवस बसतील? वनखात्यानं पिंजरा आणला, पण त्याचं वरून पडणारं दार गंजून सडलेलं. आमचं वेल्डिंगचं दुकान सडकेवर, म्हणून गार्डानं दार तिथंच आणून टाकलं. मी सुतकात होतो. आमच्यात दहावा होईपर्यंत नवऱ्यानं धंद्याच्या आगीले हात लावायचा नाई. साळ्याचं सूतक तिसऱ्या दिवशीच फिटलं होतं. तो माझ्याच हाताखाली शिकलेला. त्यानं नवा पत्रा कापला अन् बहीण गेल्याचा सगळा राग त्याच्यावर काढला. करंट वाढवून या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात वेल्डिंग ओढलं. पत्र्याले मधोमध फुगून पोट आलं. ते त्यानं घणानं ठोकून बसवलं.

वाघ पिंजऱ्यात शिरला. दार सुटलं, अन् खाचेत अर्ध्यावर अडकलं. आत आमिषाले बांधलेली बकरी तोंडात धरून तो खालून निघून गेला.

सकाळी गाव गार्डावर तुटून पडलं. त्याले मातीत लोळवलं, दात पाडले. सगळ्यात पुढे साळा, बैलबंडीचा दांडा, उभारी, उपसून. मी दाराजवळ गेलो. पोट पुन्हा वर आलं होतं. मी साळ्याची मान धरली अन् त्याचं तोंड त्या पत्र्यावर आपटलं.

"हे कोनाचं काम आहे, सांग लोकायले."

नाकातलं रक्त पुसत तो म्हणाला, "भाऊजी, तुमी तं सूतक धरून कोपऱ्यात बसले. मंग करन कोन?"

"एका दमात काऊन ओढलं?"

"माही बहीण डोळ्यापुढं होती."

मी त्याची मान सोडली. गार्डाले कोणीतरी पाणी पाजलं.

दहावा व्हायचा होता, तरी मी दुकान उघडलं. चुलती म्हणाली, तिचा जीव अडकून राहीन. राहू दे म्हटलं.

तापलेला पत्रा पसरायले पाहतो. भोवतालचा थंड पत्रा त्याले जागा देत नाई. मंग तो जागच्या जागी दबतो, अन् निवताना आखडून सगळं आपल्याकडे ओढतो. पातळ पत्र्याले ते ओढणं सोसत नाई, तो वाकतो. वरून घण घातला की पत्रा अजून लांबतो, अन् तो लांबलेला जाईल कुठी? फुगूनच बसतो.

म्हणून मी दुसरा पत्रा जाड लोखंडी अँगलवर शिकंज्यानं आवळला. आधी चारी बाजूंनी वेल्डिंगचे नुसते ठिपक्याएवढे टाके मारले. मंग करंट कमी ठेवून बोटभर वेल्डिंग इकडं, बोटभर समोरच्या बाजूले. बाजूले ओलं पोतं दाबून ठेवलं, गरमी त्यानं प्यावी म्हणून. साळ्याले म्हटलं, पत्र्यावर हात ठेव, चटका लागत नसन तवाच पुढचं ओढायले सांग. तो हात ठेवत होता अन् रडत होता. दिवस गेला त्यात. खाचेत दार सोडून पाह्यलं, दगडावानी खाली आलं.

पिंजरा पुन्हा लावला, अन् वाघ त्यात सापडला तवा उजाडत होतं. तो दारावर डोकं आपटून राह्यला होता, पत्र्यावर त्याचं रक्त. लोक भाले घेऊन आले, साळाही आला. मलेही तो मेलेलाच पाहिजे होता. पण त्या दारात भाला घालायले कुठी फट नव्हती, अन् बाकीच्या बाजूले वनखात्याचे लोक उभे होते. सुजलेल्या तोंडाच्या गार्डानंच पिंजरा ट्रकवर चढवला. वाघ जित्ता गेला. त्याले मी अजूनही शिव्या देतो.

दुसऱ्या दिवशी बाया मोहाले गेल्या. उन्ह चढल्यावर टोपल्या भरून परत आल्या. शेवटची घरात शिरेपर्यंत मी सडकेवर उभा होतो.