पैलवानाचं ऑपरेशन

दिंद्रुडच्या भिवराबाईनं बैल सांभाळले, सुना सांभाळल्या, उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत संसार सांभाळला. पण दीड वर्षाच्या कुत्र्यानं तिला पार जेरीस आणलं. नाव पैलवान. कुत्रं तिखट व्हावं म्हणून तिच्या नवऱ्यानं, भगवानरावांनी, त्याला लहानपणापासून भाकरीत ठेचा चारलेला. दिवसभर साखळीला बांधायचं अन् वाटेनं कुणी दिसलं की "छू!" म्हणायचं. लई कौतुक त्याचं!

दिवाळीच्या तोंडावर पैलवान साखळी तोडून गल्लीतल्या कुत्र्यांवर तुटून पडला. शेजारचा गहिनीनाथ सोडवायला गेला, तर त्याचीच पोटरी धरली. इंजेक्शन घेऊन गहिनीनाथ थेट भिवराबाईच्या दारात.

"मावशी, ह्ये कुत्रं आता गावात नको. लांब सोडून या, न्हाईतर मीच त्याचा काटा काढतो."

पदराखाली धरून वाढवलेलं पिल्लू ते. भिवराबाईनं नवऱ्याला अन् कुत्र्याला, दोघांनाही रिक्षात घातलं अन् जनावरांचा दवाखाना गाठला.

करिष्मा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खच्ची करू. भटकणं, नरांशी भांडणं कमी होईल. पण माणसांवर धावायला तुम्हीच शिकवलंय. ते ऑपरेशननं जायचं नाही, तुम्हालाच मोडावं लागेल."

भगवानराव तापले. "राखणीच्या कुत्र्याचं मर्दपण काढायचं? गाव हासंल!"

"इतके खोंड बडवून बैल केले, तव्हा कोण हासलं?" भिवराबाई म्हणाली. "अन् कापायचंय त्याला. तुमी कावून धोतर सावरताय?"

डॉक्टरीणबाई तोंड फिरवून उगंच कपाट उघडायला लागल्या.

ऑपरेशन झालं, जखम भरली. ठेचा बंद, "छू" बंद. भिवराबाई तोंडाला जाळी बांधून, दोरी धरून त्याला पाराजवळ न्यायची. लांबून माणूस दिसला अन् पैलवान गप बसला, की जाळी सरकवून भाकरीचा तुकडा. धावला, तर मुकाट्यानं माघारी. सवयीनं एकदा भगवानरावांच्या तोंडून "छू" निघालं. त्या दिवशी त्यांचा चहा बंद झाला.

संक्रांत झाल्यावर गहिनीनाथ आपणहून दारात आला. भिवराबाईनं दोरी घट्ट धरली. पैलवान उठला, एकदा भुंकला, अन् तिच्याकडं बघून खाली बसला.

"आता चोर आला तर?" भगवानराव पुटपुटले.

"तुमी हायेत की भुंकायला!"

गहिनीनाथ हसत ओट्यावर टेकला. "ऱ्हाऊ द्या मावशी ह्याला. आमच्या गल्लीचंच हाय."

भिवराबाई दोरी भगवानरावांच्या हातात देऊन चहा ठेवायला आत गेली. मन इतकं हलकं झालं होतं की साखर जरा जास्तच पडली.