साडूंना दिसलेला लाल

आमच्या साडूंइतका ठामपणे चुकणारा माणूस अख्ख्या सातारा-सांगली पट्ट्यात दुसरा नसेल. लाल आणि हिरवा यांतला फरक त्यांना जन्मापासून कळत नाही. पण ही आपली उणीव आहे, हे त्यांनी कधी मान्य केलं नाही. "रंग ही लोकांनी आपसांत ठरवून उठवलेली अफवा आहे," असं म्हणत त्यांनी कराडच्या एका शाळेत उभी हयात भूगोल शिकवला. नकाशातली हिरवी मैदानं आणि तपकिरी डोंगर त्यांना सारखेच दिसायचे, म्हणून त्यांनी नकाशाच पाठ केला होता. मुलांकडे तोंड करून, मागे न बघता ते छडी फिरवायचे. एकदा शिपायानं नकाशा उलटा टांगला, तर साडूंनी शांतपणे सह्याद्री बंगालच्या उपसागरात बुडवला आणि वर "लक्षात आलं का?" असंही विचारलं.

निवृत्तीनंतर ते सांगलीला विश्रामबागेत राहायला आले आणि तिथल्या भाजीवाल्यांचे हाल सुरू झाले. पिकलेला टोमॅटो ते रंगावरून नव्हे, दाबून ओळखायचे. डोळे मिटून, मान तिरकी करून. शेवटी एक भाजीवाली वैतागून म्हणाली, "आवं सर, टोमॅटो हाय त्यो. नाडी काय बघताय?" कपड्यांचं खातं मात्र त्यांनी आक्कांकडे, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीकडे, कायमचं सोपवलं होतं. आक्का माहेरी गेल्या की साडू ओळखू यायचे लांबूनच.

तर या माणसाला त्यांच्या मुलीनं पुण्याहून एक खास चष्मा आणून दिला. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यांना त्यातून तो थोडाफार जाणवतो म्हणे, सगळ्यांनाच असं नाही. असा चष्मा घालून लोक ढसाढसा रडतात, हे आम्ही सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलेलं. म्हणून मी आणि माझी बायको साताऱ्याहून मुद्दाम गेलो. गच्चीवर चहा ठेवला होता, भाची मोबाईल रोखून उभी होती, माझ्या बायकोनं रुमालही काढून ठेवला होता. साडूंनी चष्मा चढवला, चहूकडे पाहिलं आणि म्हणाले, "काळपट आहे."

भाचीचा चेहरा पडला. पण साडू शेजारच्या कुंपणाकडे बघत राहिले. "त्या जास्वंदीला फुलं कधी आली?"

"बारा महिने असतात, बाबा."

"मग आजपर्यंत काय करत होती?"

पुढचा अर्धा तास त्यांचा नुसता गोंधळ चालला होता. पाण्याच्या टाकीपासून माझ्या शर्टापर्यंत दिसेल त्यावर बोट ठेवून ते विचारत, "हा कुठला?" आम्ही सांगितलेलं नाव दुसऱ्या वस्तूला लावून बघत, ते चुकलं, की चिडत. "एका वेळी एकानं सांगा रे!" आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला कशाचीच खात्री नव्हती.

तेवढ्यात आक्का चहाचा कप घेऊन पुढे आल्या. साडूंचं बोट वर आलं आणि हवेतच थांबलं.

"हे काय लागलंय गालाला?"

आक्कांच्या डाव्या गालावर, कानापासून खाली उतरलेला, फिकट लालसर डाग आहे. जन्मखूण. आम्हाला इतका सवयीचा, की आम्ही तो बघतही नाही.

"जन्मापासूनचा आहे," आक्का म्हणाल्या. "तुम्ही बघायला आलात तेव्हाही होता."

"मला नाही दिसला."

भाचीनं मोबाईल खाली घेतला. या डागापायी आक्कांना दोन ठिकाणांहून नकार आला होता, हे घरात सर्वांना माहीत होतं. साडूंच्या वेळी त्यांनी पावडरसुद्धा लावली नव्हती. काय ते एकदाच बघून घ्या म्हणून. साडूंनी होकार दिला आणि डागाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. त्या न काढलेल्या शब्दावर आक्कांनी अख्खा संसार केला. साडूंचं सगळं वेड "पण मन मोठं आहे हो" म्हणून पोटात घातलं.

"म्हणजे मोठेपणा वगैरे काही नव्हताच?" आक्कांनी हळूच विचारलं.

साडूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दिसला असता तर काय म्हणालो असतो, ते मला नाही गं सांगता येत," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू?"

मला वाटलं, आता ह्या तशाच खाली निघून जाणार. पण आक्का त्यांच्या समोरची खुर्ची ओढून बसल्या. गाल उजेडाकडे वळवला.

"मग आता बघा. आणि सांगा."

साडूंनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग, वर्गात पहिल्यांदाच उत्तर द्यायला उभ्या राहिलेल्या मुलासारखे चाचरत म्हणाले, "पसंत आहे."

आक्का हसल्या की रडल्या, मला नीट कळलं नाही. पदर तोंडाशी होता. आम्ही बाकीचे हलकेच जिना उतरलो. फाटकातून मी मागे वळून पाहिलं, तर ती दोघं कठड्याशी उभी होती. साडू मावळतीकडे कुठंतरी बोट दाखवत होते, आक्का मान हलवून नाही म्हणत होत्या आणि साडू, उभ्या आयुष्यात कधी ऐकलं नसेल तसं, ऐकून घेत होते.