डावखुऱ्या हाताचे दगड

एकोणतीस वर्षं बाई हॉस्पिटलच्या तळघरात एक्स-रे काढत होत्या. दिवसाला साठ-सत्तर माणसं. "हनुवटी इथे टेकवा, खांदे पुढे, श्वास घ्या... रोखा... सोडा." हॉस्पिटलात वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना 'श्वासबाई'च म्हणत. घरी दूध उतू जायला लागलं की त्या दुधालाही "रोखा!" म्हणून ओरडतात, असं त्यांची भाची छातीठोकपणे सांगायची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. आठवडा कामात निघून जाई, रविवार मात्र अंगावर यायचा. कपाटं तरी माणसाने किती वेळा आवरायची?

"मावशी, या रविवारी आमचा फोटोग्राफीचा ग्रुप जुन्या विद्यापीठात चाललाय. तूही चल," भाची म्हणाली.

"मी येऊन काय दिवे लावू? मला मोडक्या हाडांचेच फोटो काढता येतात."

"दीडशे वर्षांच्या इमारती आहेत गं. काही ना काही मोडलेलं सापडेलच तुला!"

तिने स्वतःचा जुना कॅमेरा मावशीच्या गळ्यात अडकवला आणि विषय संपवला.

ग्रुपमध्ये अकरा जण होते. म्होरक्या म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. डोक्यावर हॅट, पाठीवर लेन्सचं ओझं. सगळे त्यांना कप्तान म्हणत. विद्यापीठाच्या मोठ्या दगडी कमानीसमोर त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. "आत्ता उजेड छान आहे. कमान घ्या. फ्रेममध्ये माणूस नको!"

श्वासबाईंनी तीन फोटो काढले. एक तिरका आला, एक स्वतःच्या अंगठ्याचा आणि तिसरा कप्तानांच्या हॅटचा.

तेवढ्यात बादली आणि ब्रश घेऊन एक म्हातारे गृहस्थ आले, कमानीखाली बसले आणि दगडांच्या फटीतलं गवत उपटायला लागले.

"काका, जरा बाजूला होता का?" कप्तान ओरडले. ते हातभर सरकले.

"अजून थोडं!" ते पुन्हा सरकले.

"अजून!"

म्हाताऱ्याने बादली उचलली. "आता घरीच जाऊ का?"

सगळे हसले. श्वासबाईंना मात्र कसंसंच झालं. त्यांच्या एक्स-रेच्या खोलीत आलेल्या माणसाला आजवर कुणी 'बाजूला व्हा' म्हटलं नव्हतं. बाई म्हाताऱ्याजवळ गेल्या.

"रागावलात का?"

"छे हो! मला हलवतील, माझे दगड कसे हलवणार? ते बसलेत की त्यांच्या फोटोत."

ते विद्यापीठाचे पाथरवट होते. छत्तीस वर्षं त्यांनी इथले झिजलेले, फुटलेले दगड बदलले होते. निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी रविवारी यायचेच. फटीतलं गवत नव्या लोकांच्या भरवशावर सोडायला त्यांचं मन धजत नव्हतं.

"कमानीत सत्तावीस दगड आहेत. चार माझे. ओळखा बघू," ते म्हणाले. "इंजिनियरसाहेबांनाही जमलं नाही."

बाईंनी डोळे बारीक केले. रंग एकच, माप एकच. पण केसाएवढी चीर शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता. मनोऱ्याआडून ऊन सरकलं, भिंतीवर तिरपं पडलं, आणि दगडांवरचे छिन्नीचे घाव उठून दिसले. बहुतेक एका बाजूला कललेले, चार दगडांवरचे मात्र उलटे.

"हा. हा. तो वरचा. आणि तो तिकडचा."

पाथरवटांच्या हातातली बादली खाली आली. "बाई, तुम्ही कोण?"

"मी एक्स-रे काढते."

"मी डावखुरा आहे हो," ते हळूच म्हणाले. "एवढ्या वर्षांत कुणाच्या लक्षात नाही आलं."

"मग उभे राहा इथे. हात ठेवा त्या खालच्या दगडावर. हं, श्वास घ्या... रोखा..."

त्यांनी इमानेइतबारे श्वास रोखला. इकडे बाईंना बटणच सापडेना. म्हातारा लालबुंद झाला. "बाई... सोडू का?" आणि दोघांनाही हसू फुटलं. बटण दाबलं गेलं ते नेमकं तेव्हाच. डावा पंजा दगडावर, घावांची नक्षी लख्ख, आणि तोंडभर हसू.

कप्तान बघायला आले. त्यांनी स्क्रीनवरचा फोटो पाहिला. मग हॅट काढून पाथरवटांना म्हणाले, "काका, तुमचे बाकीचे दगड दाखवता का?"

दुपारपर्यंत ती वरात विद्यापीठभर फिरली. पुढे पाथरवट, मागे अकरा कॅमेरे आणि श्वासबाई. त्यांनी पायऱ्या दाखवल्या, ग्रंथालयाच्या खिडक्या दाखवल्या. एका खांबावरच्या नक्षीत सगळ्या फुलांना सहा पाकळ्या होत्या आणि एकाला पाचच.

"हे असं का?" भाचीने विचारलं.

"भूक लागली होती त्या दिवशी."

हसून हसून बाईंचं पोट दुखायला लागलं. इतकं मोकळं आपण शेवटचं कधी हसलो, हे त्यांना आठवेना.

पुढच्या रविवारी भाचीने उठवायच्या आधीच त्या तयार होत्या. फोटो मोठा करून, फ्रेम करून घेतला होता. पाथरवटांनी तो उन्हात धरून लांबून पाहिला, जवळून पाहिला, शर्टाच्या बाहीने काच पुसून पुन्हा पाहिला.

"बाई," ते म्हणाले, "नखं तरी धुवायला सांगायचंत!"